आत्राम सरकला होता का?

पोह्यांचा ट्रे घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि बैठकीतून आवाज आला, "बाप्पा, किती उकडून राहिलं! पंखा वाढवा न जरा."

माझे पाय तिथंच थांबले. तो आवाज मी झोपेत ऐकला असता तरी दचकून उठले असते.

"काय झालं?" आई मागून कुजबुजली. "पदर सुटला का?"

"आई, ही बाई..."

"बाई काय म्हणतेस? मुलाची आई आहे ती. चल, पोहे गार होताहेत."

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा आमच्या नागपुरात बास्केटबॉलची एक व्यावसायिक लीग चालायची. विदर्भातल्या शहरांचे संघ, पगारी खेळाडू, तिकीट काढून येणारे प्रेक्षक. पुढे ती बंद पडली, पण होती तोवर तिनं शहराला वेड लावलं होतं. दिवसा मी वीज कंपनीत बिलांच्या तक्रारी ऐकायची आणि सुट्टीच्या दिवशी या लीगमध्ये रेफ्री म्हणून शिट्टी वाजवायची. रेफ्रींमध्ये बाई मी एकटीच.

नागपूरच्या प्रत्येक मॅचला तिसऱ्या रांगेत केशरी साडी नेसून एक बाई बसायची. केशरी हा आमच्या संघाचा रंग. नागपूरविरुद्ध मी शिट्टी मारली की ती उठून उभी राहायची आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडायची, "ए पोनीटेल! आज डबा चंद्रपूरहून आला का गं?" समोर अकोल्याचा संघ असेल तर डबा अकोल्याहून यायचा. सगळा हॉल खिदळायचा. मला पण हसू यायचं, पण रेफ्रीला हसता येत नाही.

तीच बाई आमच्या सोफ्यावर बसून माझ्या बाबांना पंखा वाढवायला सांगत होती.

मी ट्रे ठेवला. साडी, अंबाडा, अंबाड्यावर गजरा. त्या बाईंनी, म्हणजे गोतमारे काकूंनी, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि प्रसन्न हसल्या. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

"बायोडाट्यात खेळाची आवड लिहिली आहे. काय खेळते तू?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "कॅरम!"

बाबांचं मत असं, की मुलगी रेफ्री आहे म्हटलं की लोकांना ती भांडखोर वाटते.

"कॅरम चांगला," काकू म्हणाल्या. "घरातल्या घरात होते. नाहीतर आजकालच्या पोरी! आमच्या मॅचला एक पोरगी येते, गळ्यात शिट्टी घालून—"

मुलाला ठसका लागला. त्याचं नाव निशिकांत. मी पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा त्यानं डोळ्यांत पाणी आलेलं असतानाच माझ्याकडे पाहिलं. यानं ओळखलं आहे, हे मला लगेच कळलं.

मोठ्यांनी आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं. तिथं आईचे वाळत घातलेले सांडगे होते आणि आम्ही दोघं.

"तुम्ही ट्रे ठेवलात आणि दोन पावलं मागं जाऊन उभ्या राहिलात," तो म्हणाला. "सगळं नजरेत येईल अशा. तेव्हाच कळलं."

"तुमच्या आईंना सांगणार?"

"आज नाही. आज त्यांना तुम्ही फार आवडल्या आहात."

मला हसू आलं. मग आठवलं आणि गेलं. "रविवारी सेमीफायनलची तिसरी मॅच आहे."

"माहीत आहे न. आमची तिकिटं काढून झाली." नागपूर आणि चंद्रपूर एकेक मॅच जिंकले होते. रविवारी जो जिंकेल तो फायनलला.

"त्या मॅचला मी आहे."

त्यानं सांडग्यांवरून एक चिमणी हाकलली. "मग असं करू. आमचं उत्तर आम्ही रविवारनंतर कळवू. आधी हो म्हटलं तर तुमची अडचण, नाही म्हटलं तरी अडचण."

"आणि तुमचं नाही असेल तर?"

"त्यासाठी रविवारपर्यंत थांबायची गरज नव्हती," तो म्हणाला, आणि लाल होऊन जिन्याकडे वळला.

पाहुणे गेल्यावर मी सोनकुसरे सरांना फोन केला. सर म्हणजे माझे गुरू. शिट्टी कशी धरायची इथपासून सगळं त्यांनी शिकवलेलं. रविवारची मॅच आम्ही दोघं करणार होतो.

"सर, मला बदला," मी म्हटलं आणि सगळी हकिगत सांगितली.

ते पोटभर हसले. "कोणाला आणू? एक टायफॉइडनं पडलेला. दुसऱ्याचा सख्खा भाऊ नागपूरकडून खेळते. आणि पोहे खाल्ल्यानं नातं होत नाही."

"मी नाही खाल्ले. त्यांनी खाल्ले."

"मग तर विषयच संपला. पण दोन्ही कोचना मॅचच्या आधी तोंडावर सांग. एकानं जरी नको म्हटलं, तर मी एकटा शिट्टी मारीन."

रविवारी दुपारी मी दोन्ही कोचना हॉलच्या मागच्या व्हरांड्यात गाठलं. चंद्रपूरचे खोब्रागडे सर जाडजूड, मिशीतल्या मिशीत हसणारे. नागपूरचे झाडे सर उंच आणि कायम काळजीत. मी सांगितलं: परवा मला पाहायला आले होते ते नागपूरच्या संघाचे पक्के चाहते आहेत. काही ठरलेलं नाही. तुमची हरकत असेल तर मी बाजूला होते.

"पसंती आली का?" खोब्रागडे सरांनी विचारलं.

"नाही अजून."

"मुलगा कसा आहे?"

मी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळू लागले.

"म्हणजे चांगला आहे," ते म्हणाले. "हे पाह्य पोरी, सांगितलं नसतं आणि मला नंतर कळलं असतं, तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. तू सांगितलंस. माह्याकडून हरकत नाही."

मला वाटलं होतं की अडचण झाली तर त्यांचीच होईल. पण झाडे सर मान हलवत होते. "मला भीती वेगळीच आहे," ते म्हणाले. "तू सरळ पोरगी आहेस. आम्हाला झुकतं माप देणार नाहीस, ते माहीत आहे. पण तसं दिसू नये म्हणून आम्हालाच ठोकशील."

"नाही सर."

"पाहू," म्हणून ते आत गेले.

हॉल गच्च भरला होता. तिसऱ्या रांगेत केशरी साडी होती, तिच्या शेजारी पांढऱ्या शर्टात निशिकांत. मी त्या रांगेकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तर मला दोघं इतके नीट दिसले.

मॅच सुरू झाली. चंद्रपूरकडे आत्राम नावाचा एक धिप्पाड खेळाडू होता, बास्केटखाली भिंतीसारखा उभा राहणारा. नागपूरचा जीव होता अंकुश भोयर, बुटका आणि पाऱ्यासारखा. भोयर घुसायचा, आत्राम अडवायचा. मी धावत होते, पाहत होते, शिट्टी मारत होते. नागपूरनं हात मारला, शिट्टी. नागपूरनं ढकललं, शिट्टी. तिसऱ्या रांगेतून डब्याची चौकशी सुरू झाली. प्रत्येक शिट्टीला मला आतून बरं वाटत होतं. पाहा, मी कोणाच्या बाजूची नाही.

मध्यंतराला नागपूर बरंच मागं होतं. आम्ही रेफ्रींच्या खोलीत आलो. सोनकुसरे सर पाणी प्यायले, त्यांनी घाम पुसला आणि विचारलं, "प्रणिता, किती छान वाटून राहिलं ना तुला?"

"म्हणजे?"

"नागपूरचे फाऊल शोधून शोधून काढते आहेस."

"सर, ते सगळे फाऊल होते. एक तरी खोटा होता का?"

"एकही नव्हता. पण चंद्रपूरनंही तेवढेच केले. ते तुझ्या समोर झाले आणि तुला दिसले नाहीत. मला माझ्या कोपऱ्यातून दिसले, पण ती बाजू तुझी होती, तिथली शिट्टी तू मारायची."

मी खाली बसले. झाडे सरांचं बोलणं कानात घुमत होतं. "आता काय करू? दुसऱ्या अर्ध्यात नागपूरला..."

"खबरदार!" सर एवढ्या जोरात ओरडले की बाहेरचा शिपाई डोकावला. "फेडायला जाऊ नकोस. एका चुकीवर दुसरी चूक ठेवली की बरोबर होत नाही, दोन चुका होतात. गेलं ते गेलं. आता बाहेर जा आणि जे समोर होईल तेवढंच पाह्य. कोणत्या रंगाच्या बनियननं केलं ते शिट्टी मारल्यावर बघ."

सोपं वाटतं ऐकायला. पण खरंच सांगते, दुसऱ्या अर्ध्यात पहिली काही मिनिटं मी चालायला शिकणाऱ्या पोरासारखी होते. मग हळूहळू हॉल नाहीसा झाला. केशरी साडी नाहीशी झाली. राहिले हात, पाय, खांदे आणि बॉल. चंद्रपूरला शिट्टी मारली तर खोब्रागडे सर कडाडायचे, नागपूरला मारली तर झाडे सर डोकं धरायचे, आणि मला दोन्हींचं काही वाटेनासं झालं. रेफ्रीच्या आयुष्यात अशी वेळ थोडीच येते. शेवटाकडे मला चक्क मजा येत होती.

नागपूर सावरलं. मॅच संपायला काही सेकंद राहिले तेव्हा चंद्रपूर फक्त एका गुणानं पुढं होतं आणि बॉल भोयरकडे होता. माझ्या बाजूनं तो घुसला. समोर आत्राम. धडक झाली, दोघंही कोसळले, बॉल हवेत गेला.

अशी धडक झाली की प्रश्न एकच असतो. अडवणारा आधीपासून जागेवर पाय रोवून उभा असेल, तर चूक धडकणाऱ्याची. तो ऐनवेळी सरकून आडवा आला असेल, तर चूक त्याची.

मी शिट्टी मारली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. म्हणजे अडवणाऱ्याची चूक. आत्राम सरकला होता. नागपूरला दोन फ्री थ्रो.

हॉल फुटतो की काय असं झालं. आत्राम जमिनीवरून उठला, माझ्याजवळ आला. मला वाटलं ओरडेल. तो अगदी हळू म्हणाला, "मॅडम, मी उभा होतो." आणि आपल्या जागेवर गेला. खोब्रागडे सर ओरडले नाहीत. ते मिशी चावत नुसते माझ्याकडे पाहत राहिले. ते जास्त कठीण होतं.

भोयरनं पहिला थ्रो टाकला, आत. दुसरा कड्यावर गोल फिरला, थांबल्यासारखा झाला आणि आत पडला. चंद्रपूरनं अर्ध्या मैदानातून बॉल फेकला तो बोर्डवर आपटून बाहेर गेला. नागपूर फायनलला.

पुढचं मला आजही जसंच्या तसं आठवतं. लोक मैदानात उतरले. गर्दीतून केशरी साडी माझ्याकडे धावत आली, हातात पेढ्यांचा डबा उघडा, आणि मला काही कळायच्या आत काकूंनी मला कडकडून मिठी मारली.

"आज पहिल्यांदा बरोबर शिट्टी मारलीस गं, पोनीटेल! पेढा खा!"

पेढा माझ्या तोंडात कोंबून त्या मागं झाल्या, आणि एवढ्या जवळून त्यांनी माझा चेहरा प्रथमच पाहिला. आधी कपाळ, मग नाक, मग हनुवटी. हातातला डबा तिरका झाला.

"तू... आवारींची प्रणिता?"

तोंडात पेढा होता. मी मान हलवली.

"कॅरम?"

मी नाही म्हणून मान हलवली.

मला वाटलं त्या चिडतील किंवा हसतील. पण त्यांचा चेहरा एकदम उतरला. आवाजही. त्या बाईला मी तोवर हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "म्हणजे आमच्यासाठी मारलीस का गं शिट्टी? आम्ही घरी आलो होतो म्हणून?"

"नाही काकू. फाऊल होता."

"खरं सांग. असं जिंकायचं नाही मला. आम्ही हरलो तर मी रेफ्रीला शिव्या देते, ती गोष्ट वेगळी. पण असं नको."

शेजारी खोब्रागडे सर कधी येऊन उभे राहिले ते कळलं नव्हतं. ते म्हणाले, "ताई, या पोरीनं मॅचच्या आधीच मला सगळं सांगितलं होतं. मी हो म्हटलं. म्हणून आज मला ओरडता पण येऊन नाही राहिलं. इतकी वाईट मॅच मी आयुष्यात हरलो नाही." त्यांनी डब्यातला एक पेढा उचलला. "एवढा तरी द्या."

काकूंनी त्यांना दोन दिले.

मी कपडे बदलून बाहेर आले तेव्हा उन्हं उतरत होती. फाटकाशी संत्र्याच्या रसाची गाडी होती आणि तिथं निशिकांत हेल्मेट हातात घेऊन उभा होता. त्यानं दोन ग्लास सांगितले. आपला संघ फायनलला गेलेल्या माणसाचा चेहरा असा पडलेला नसतो.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. मॅच छान केलीत. दुसरा अर्धा तर फारच."

"आणि?"

त्यानं रसाचा एक घोट घेतला. "राग येईल तुम्हाला."

"सांगा तर."

"तो फाऊल नव्हता. आत्राम उभा होता."

मी ग्लास गाडीवर ठेवला. त्या दुपारी हॉलमध्ये नागपूरची हजार माणसं होती. माझ्या निर्णयाला चूक म्हणणारा त्यांच्यातला हा एकटा, आणि तो मला मागणी घालायला आलेला.

"तुम्ही कुठं होतात? तिसऱ्या रांगेत. मी चार हातांवर होते."

"तुम्ही त्याच्या मागच्या बाजूला होतात. मला त्याचे पाय समोरून दिसत होते."

"खांदा वळला होता त्याचा."

"खांदा वळला. पाय नाही."

"असं कसं? उभे राहा बघू," मी म्हटलं. "इथं. तुम्ही आत्राम. हे हेल्मेट म्हणजे बॉल."

तो मुकाट्यानं फूटपाथवर हात वर करून उभा राहिला. रसवाला यंत्र फिरवायचा थांबला. मी चार पावलं मागं गेले, हेल्मेट काखेत धरलं आणि भोयरसारखी घुसले. धडक झाली. निशिकांत मागं जाऊन संत्र्यांच्या ढिगावर बसला आणि संत्री रस्ताभर पळाली.

"सरकलास!" मी ओरडले. "आत्ता सरकलास तू! अगदी अस्साच सरकला होता तो!"

"मी? मी खांबासारखा उभा होतो!" तो संत्र्यांतून ओरडला. आम्ही अरे-तुरेवर आलो आहोत हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. "तू वाकडी आलीस!"

"वाकडी?"

"वाकडी!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे बाप्पा!"

फाटकात काकू उभ्या होत्या, रिकामा डबा घेऊन. त्यांचा मुलगा रस्त्यावर संत्र्यांत बसला होता आणि होऊ घातलेली सून त्याच्या डोक्याशी हेल्मेट घेऊन उभी होती.

"आई, तू सांग," निशिकांत बसल्या बसल्या म्हणाला. "तू पाहिलंस न? मी सरकलो का?"

"काकू, खरं सांगा. सरकला ना?"

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा त्याच्याकडे. अख्ख्या हॉलमधला प्रत्येक फाऊल तिसऱ्या रांगेतून ओळखणारी ती बाई रसाच्या गाडीपाशी पार अडकली. मग तिनं पदर खोचला, रस्त्यावर घरंगळलेली दोन संत्री उचलून रसवाल्याच्या हातात दिली आणि त्याच्या स्टुलावर बसली.

"मी बोलत होते, माह्यं ध्यान नव्हतं," त्या म्हणाल्या. "पुन्हा करा."

आम्ही पुन्हा केलं. मग आणखी एकदा. निकाल काही लागला नाही. दिवे लागले तेव्हा काकूंनी विचारलं की तुझ्या बाबांना घरी फोन केला तर आत्ता उचलतील का, आणि दुसऱ्या दिवशी मी लीगच्या सचिवांना कळवलं की फायनलला दुसरा रेफ्री बघा, आता मात्र नातं जुळलं आहे.